पाव्हण्यांच्या पायावरचं पाणी

नाय साहेब, पाणी मागू नका, आज या घरात पाणी मिळायचं नाय — रागवू नका, बसा ओट्यावर, सावली हाय. तुमी छायाचे मोठे साहेब ना? सोमवारी तिचा निकाल तुमीच लावणार म्हणे, कामावर ठेवायची का काढायची — मग आधी ऐका. माझ्या तोंडून सरळ निघायचं नाय, म्हणून गोष्टच सांगते. डोळखांबच्या वरल्या अंगाला एक पाडा, पाड्यात सोमी नावाची म्हातारी, आणि म्हातारीची एकुलती नात छाया. आईबाप वीटभट्टीवर जायचे, पोर म्हातारीपाशी. आश्रमशाळेत शिकली, मुरबाडला कॉलेज केलं, मग हातात माईक घेऊन एसटीनं गावोगाव फिरली — कुठं पूल खचला, कुठं दवाखान्याला कुलूप — आणि फिरता फिरता एक दिवस सातच्या बातम्या सांगायला बसली. काळूरामच्या टीव्हीपुढं सगळा पाडा. शेजारची लहानी म्हणाली, "सोमे, तुझी नात आपल्याकडंच बघतेय गो." म्हातारी म्हणाली, "बघणारच, पदर नीट घे."

हसताय? हसा, तवा आमी पण हसलो.

मग या उन्हाळ्यात छाया पाड्याचीच बातमी करून गेली. नळ कागदावर आला, तोटीला थेंब नाय, बाया ओढ्यात खड्डा खणून वाटीवाटीनं हंडा भरतात — खरं का खोटं? खरं. पण तुमच्या हापिसात कुणी बोललं, पोरगी आपल्या गावाचं वाढवून सांगते. म्हणून तुमची दोन माणसं बघायला आली, न सांगता. आता नातीच्या हापिसातली माणसं दारात, म्हातारीनं काय करावं? आमच्याकडं एका घरचा पाव्हणा तो सगळ्यांचा — लहानीनं आपला हंडा आणला, रंगूच्या सुनेनं आणला, म्हातारीचा एक, तीन भरले हंडे ओळीनं लागले. तीन घरांचं दिवसभराचं पाणी ते. आणि म्हातारीनं काय केलं? पाव्हण्यांच्या पायावर तांब्या ओतला. लांबून आलेल्याचे पाय धुवायचे, तशी रीत हाय. मग चहा. ते म्हणाले, "आजी, पाण्याचा त्रास आहे का?" भरल्या दारात पाव्हण्यापुढं रडगाणं कोण गातं? म्हातारी म्हणाली, "काय कमी नाय बाबा, सगळं हाय." एक जण फोन धरून उभा होता — म्हातारीला वाटलं, फोटो काढतोय.

दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या फोनवर तेच — तीन हंडे, पायावरचं पाणी, आणि 'सगळं हाय'. खाली काय लिवलंय ते पाड्यातल्या पोश्यानं वाचून दाखवलं — आजी खरी, नात खोटी. सातच्या बातम्यांना छायाच्या खुर्चीत दुसरीच बसलेली. पोश्या फोन लावून देतो, वाजतो, पोर उचलत नाय. आणि का उचलावा तिनं — फोनवर अर्धंच फिरलं, पुढलं तुमाला म्हाईत असेल, नसेल तर आता कळेल. मी आणखी बोलले. होय, मीच, म्हातारी कसली. चहा गाळता गाळता हसून बोलले, "आमची छाया लहानपणापासून तशीच, काटा रुतला तर पाय तुटला म्हणून गाव गोळा करायची." लाडानं बोलले हो. लाडानं — नाय, लाडानं पण नाय. मला वाटलं, शहरातल्यांना कळू नये, टीव्हीवर बसणारी पोर वाटीनं पाणी भरणाऱ्या घरची हाय. माझी लाज राखायला मी पोरीला खोटी पाडली. तिची बातमी खरी होती साहेब, तिला माझ्यासारखं झाकता येत नाय, एवढाच तिचा गुन्हा.

उठा. ओढा उताराला हाय, ती काठी घ्या, दगड सुटे हायत. लहानी आणि रंगूची सून सकाळपासून खड्ड्याशी बसल्यात, त्यांच्यामागं माझा नंबर. दोन तास बसलात तर एक हंडा भरताना बघाल — तो दाखवा, सगळा दाखवा. माझ्यापुढं कॅमेरा धरू नका, मला काय विचारू नका. पुढं व्हा तुमी. मी आता बोलायची नाय.