मेश्राम काकांच्या खणातले अर्ज

मंडळी, विहारात जागा पुरली नाही, बाहेर सतरंज्या टाकाव्या लागल्या. काकांच्या शोकसभेला एवढे लोक आलात. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाहीच म्हणून राहिलो होतो. कारण मेश्राम काकांबद्दल खरं बोलायचं तर मला माझ्याबद्दल वाईट बोलावं लागते. आणि समोर माझी वहिनी आणि पुतणी बसल्या आहेत.

मी अशोक, काकांच्या गल्लीतला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. काका ओमतीला, कोर्टाजवळ, रस्त्याच्या कडेला टाइपरायटर घेऊन बसत. लोक हिंदीत, मराठीत ओरडत यायचे, काका ते इंग्रजीत करून द्यायचे. जास्त करून भांडणंच.

माणूस यायचा, "बाबूजी, ऐसा लिखो कि सीधा अंदर हो जाए." काका चष्मा पुसायचे. "अच्छा. पहले ये बताओ भैया, हाथ पहले किसका उठा?" हे कळल्याशिवाय काकांनी कधी कागद चढवला नाही. कधीच नाही.

मला म्हणायचे, "अशोक, इंग्रजांनी भांडणाचे शब्द पायरीपायरीनं ठेवले आहेत. क्वारल म्हणजे मुळात नुसतं गाऱ्हाणं. स्कफल म्हणजे ढकलाढकली. अफ्रे म्हणजे चारचौघांत मारामारी, मूळ अर्थ घाबरवणं. आणि असॉल्ट म्हणजे अंगावर झेप घेणं. पायरी चुकली की माणसाची भाकर जाते." डिक्शनरीचं कव्हर फाटलं होतं, पण शब्द पाहिल्याशिवाय टाइप नाही.

आणि दुसरा नियम. भांडणाचा अर्ज त्याच दिवशी हातात द्यायचा नाही. टाइप करून टेबलाच्या खणात ठेवायचे. "उद्या या, घेऊन जा." लोक चिडायचे, शिव्या द्यायचे. काका ऐकून घ्यायचे.

परवा त्यांच्या मुलानं तो खण उघडला. मी तिथं होतो. मंडळी, खण गच्च भरला होता. नवऱ्याविरुद्ध बायकोचा, सासऱ्याविरुद्ध जावयाचा, दोन शेजाऱ्यांचे एकमेकांविरुद्ध, एकावर एक. हे सगळे न्यायला दुसऱ्या दिवशी कोणी आलंच नव्हतं. इतकी भांडणं एका रात्रीत विझली, आणि आपल्याला पत्ता नाही.

मी खाली बसून एकेक कागद पाहिला. माझा नव्हता. कसा असणार?

आमचं भांडण फार वर्षांपूर्वी अंगणातल्या नळावर झालं. मी आणि सुधाकरभाऊ, सख्खे भाऊ. पाणी दहा मिनिटं यायचं, बादली कोणाची आधी, एवढंच. मी ओट्यावर आपटलो, डोक्याला पाच टाके पडले. पट्टी बांधूनच काकांकडे गेलो. म्हटलं, काका, भाऊच्या सरकारी ऑफिसातल्या साहेबाला अर्ज करायचा आहे, सगळ्यात मोठा शब्द घाला.

काकांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. म्हणाले, "राइव्हल शब्द आहे ना, त्याचा मूळ अर्थ एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे. तुम्ही तर एका आईचे. काहून करून राहिला हे? उद्या ये."

उद्या! माझ्यात एक दिवसाचा धीर नव्हता. चार खुर्च्या सोडून दुसरा टायपिस्ट होता, त्यानं काही विचारलं नाही. 'मर्डरस असॉल्ट', म्हणजे जीव घ्यायला केलेला हल्ला, असं लिहून दिलं, पाच मिनिटांत. मी स्वतः पोस्टात टाकलं.

भाऊ सस्पेंड झाला. चौकशी बसली. मला बोलावलं, तेव्हा तरी मागे फिरायला हवं होतं. नाही फिरलो. कागदावरचा शब्द वाचून दाखवला त्यांनी, मी हो म्हटलं. भाऊ खाली पाहत उभा होता. नोकरी गेली. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात तागे उचलता उचलता तो गेल्या थंडीत गेला. आमचं बोलणं नव्हतं. मी मयतीला शेवटच्या रांगेत उभा होतो. आणि त्याची पोरगी 'मारकुट्याची पोरगी' ऐकत मोठी झाली.

काकांनी मला नंतर एकदाही बोल लावला नाही. फक्त भेटले की विचारायचे, "हात पहिला कोणाचा होता रे?" मी हसण्यावारी न्यायचो. दरवेळी. आता विचारणारं कोणी राहिलं नाही.

म्हणून मंडळी, सगळ्यांसमोर सांगतो. वहिनी, तुम्ही ऐका. बेटा, तू पण ऐक. तुझ्या बापानं माझ्यावर हात उचलला नाही. पहिला हात मी उचलला. त्याच्या कानशिलात मारली मी. त्यानं फक्त मला बाजूला ढकललं, आणि माझा पाय घसरला. तो मारकुटा नव्हता. मारकुटा मी होतो.

याला मोठा शब्द लागत नाही. छोटा घातला असता तर तो आज इथं बसला असता.

माफी मागत नाही. ती द्यायला भाऊ नाही.

काका, तुम्हाला माझा हात जोडून नमस्कार. मंडळी, आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. मलाही काही बोलू नका.