पत्रातली मुलगी

—नाही मावशी, पेन तुमच्याकडेच राहू द्या. नाव-पत्ता ज्याचा त्यानेच लिहायचा असतो, तसा नियमच आहे—म्हणजे नियम असा नाही, पण बरं दिसतं. चष्मा सापडत नाहीये? थांबा, मी बघतो. टीव्हीवर नाही... उशीखाली पण नाही... अहो, डोक्यावर आहे की तुमच्या! आमच्या आईचंही हेच, घर डोक्यावर घेते आणि चष्माही तिथेच असतो. झालं तर मग. आता लिहा. हात कापतो? कापू दे, अक्षर कसंही चालतं, आमच्या साहेबांची सही बघाल तर कोंबडी चिखलातून चालत गेल्यासारखी असते. नाही हो, मी नाही लिहीत. माझं बोट दारात सापडलंय. हे नाही—हे नाही, दुसऱ्या हाताचं... हो, लिहितो उजव्यानेच. पण दुखतंय.

हा हॉर्न? आमच्याच साहेबांचा. गाडीत बसलेत कोपऱ्यावर. बोलवू नका, ते येणार नाहीत. मला म्हणतात, तुझा चेहरा गरीब आहे, तूच आत जात जा, मी आलो की लोक कपाटाला कुलूप लावतात. विनोदी आहेत तसे. मी काय, त्यांच्या घरदलालीच्या ऑफिसात पाकिटं चिकटवतो, टपालात टाकून येतो, गाडी पुसतो. घरांचे फोटो असलेली ती चकचकीत कार्डं येतात ना, ‘तुमच्या भागातलं घर विकलं गेलं, आता तुमची पाळी’—ती मीच टाकतो. तुमच्या टेबलाच्या पायाखाली आहे बघा घडी करून. नाही नाही, राग कसला, निदान उपयोगी पडलं. बहुतेक जण सरळ कचऱ्यात टाकतात, म्हणून तर मग साहेबांनी ते दुसरं—

ते जाऊ द्या. मागच्या टाकीवर झाकण नवीन बसवलंत का? आधी नुसता पत्रा होता, त्यावर वीट ठेवलेली. मला कसं माहीत म्हणजे... मागच्या बोळातून जाताना दिसतं. एकदा गेलो होतो. साहेब सांगतात ना, आधी घर नीट बघून ये आणि मग लि—मग ये परत. तेव्हा बघितली वीट. चांगलं केलंत झाकण. त्या मुलीसाठी? त्या पत्रातल्या? ती येऊन टाकीत वाकून बघेल म्हणून?

पाणी मिळेल का थोडं?

कधी येणार ती माणसं... येतील ना. तुमची सही झाली, घर विकायचा अधिकार एकदा साहेबांकडे आला, की कोणी ना कोणी येईलच. तेच तिघं का? आता ते मी कसं—नको मावशी, पत्र बाहेर नका काढू, राहू दे पिशवीत. मला वाचून दाखवायची गरज नाही. माहीत आहे मला. ‘आम्ही नवरा-बायको आणि आमची लहान मुलगी एका खोलीत राहतो. तुमच्या घरासमोरून जाताना मुलगी रोज थांबते. आयुष्यात एकदा तरी तिला स्वतःच्या हाताने दार उघडून अंगणात जाऊ द्यावं, एवढीच आमची’—मग ‘अपेक्षा’ खोडलंय आणि पुढे ‘इच्छा’ लिहिलंय. मग ‘इच्छा आहे’. हो, पाठ आहे. साहेबांनी दाखवलं होतं. एकदाच.

असं बघू नका ना माझ्याकडे.

एकदा दाखवलेलं कुणाला पाठ होतं का, नाही होत, मला कळतंय. आणि बोटाला काही झालेलं नाही. मी त्या कागदावर तुमचं नाव लिहिलं असतं तर तुम्ही अक्षर ओळखलं असतं, तुम्ही पत्र इतक्यांदा वाचलंय की घड्या फाटायला आल्यात. शाळा आठवीत सुटली माझी, हातात अक्षर तेवढं राहिलं. साहेब म्हणाले, छापलेलं कोणी वाचत नाही, हाताने लिहिलेलं पाकीट माणूस फोडतोच. निळ्या शाईने लिहायचं. तिकीट जरासं वाकडं लावायचं. आणि एक शब्द मुद्दाम खोडायचा, म्हणजे मनापासून लिहिल्यासारखं वाटतं. या ओळीतल्या सगळ्या घरांना गेलंय, मावशी. सगळ्यांत ‘अपेक्षा’ खोडलीय. आणि सगळ्यांना सांगितलंय की फक्त तुमचंच घर आवडलंय, म्हणजे कोणी शेजारी दाखवायला जात नाही, दुसऱ्याला वाईट वाटेल म्हणून. तुम्हीपण नाही ना दाखवलंत? शेजारच्या शिंपीमामांनीही नाही दाखवलं तुम्हाला. त्यांच्या पत्रात मुलीऐवजी मुलगा लिहिलाय, त्याला शिलाई मशीनचा आवाज आवडतो.

कुणी नाही, मावशी. नवरा नाही, बायको नाही, मुलगी नाही. घेणारा एकच माणूस आहे, त्याला अख्खी ओळ हवी आहे, पाडून टाकायला. तुमची सही म्हणजे पहिली सही. एक झाली की बाकीचे पटापट करतात, साहेब म्हणतात.

मुलगी मात्र—अगदीच खोटी नाही. म्हणजे आता खोटीच. माझी बहीण आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर वाढलो, एक खोली, गॅलरीला कठडा नव्हता म्हणून दाराला आईने वर, पार वर कडी लावलेली. ही त्या दारापाशी उभी राहायची, कडीकडे बघत. मी स्टुलावर चढून उघडत असे आणि आई मला बडवत असे. आता ती माझ्यापेक्षा उंच आहे, दुकानात काम करते, मला बुटक्या म्हणते. साहेब म्हणाले, पोरा, लोकांच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे असं काहीतरी लिही, तर मला दुसरं काही सुचेना, मी तिलाच घातलं. साहेब वाचून खूश झाले. मीसुद्धा झालो, मावशी, तेच सांगायला धीर होत नाहीये मला. इतकी वर्षं कोणी म्हटलं नव्हतं मला काही चांगलं येतं म्हणून. पाकिटं टाकताना शीळ घालत होतो मी. वाटलं, वाचतील, टाकून देतील, कार्डासारखं. कोणी घरात बसून टाकीला झाकण करून घेईल असं नाही वाटलं.

शिव्या द्या. आई इथे असती तर एव्हाना लाटणं घेतलं असतं.

वाजू दे हॉर्न. सही करू नका. मी सांगेन, मावशी घरात नव्हत्या—नाही, खोटं नाही सांगणार आता, काय सांगायचं ते बघतो. तो कागद कुठे घेऊन... टेबलाखाली? त्या पायाखाली? कार्डाशेजारी? हो. आता नाही डुगडुगत.

हो, जातो. निघालोच. पाणी नको आता, राहू द्या. पण पुढच्या दाराने नको, मागून सोडा मला, मागून शिंपीमामांचं अंगण लागतं ना? मी बाहेर आलो नाही की साहेब स्वतःच त्यांच्याकडे सही घ्यायला जातील, त्याआधी पोचलो तर—मला मनातलं बोलता येत नाही हो, तोंडच उघडत नाही माणसांसमोर, म्हणून तर लिहीत बसतो. पण सांगतो. उभा राहून सांगतो.

हेच ना मागचं दार? याची कडी... वर तर नुसती भोकं आहेत खिळ्यांची. कडी कुठे गेली, मावशी?

हां.

इथे लावलीत. खाली.

...सहज निघते.