फोटोसमोरची बैठक

आजचे अध्यक्ष शिवरामकाका, शेजारी बसलेले पाहुणे, आमचा सर्वेश, जिला आपण निरोप देतोय ती दीप्ती, आणि कोलशेतच्या या गाळ्यात दाटीवाटीने बसलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

सहदेव यांची बायको म्हणून मला बोलायला उभं केलंत, आभारी आहे. भाषणाची सवय नाही. वाचनाची आहे, तीही एकटी पडल्यापासून जास्त.

ह्यांनी, सर्वेशने आणि दीप्तीने मिळून मासे थंड ठेवणारी बॅटरीची पेटी काढली. कळव्याच्या बाजारात कोळणींना वापरायला दिली. आणि हे गेले. मग दीप्ती बाजारात जाऊन आली. बैठकीत म्हणाली, बायका मासे बर्फावरच मांडतात, पेटीत स्वतःचा जेवणाचा डबा ठेवतात. सर्वेश खूश झाला. म्हणजे पेटी रोज वापरतात तर! हसताय ना? मीही हसले होते. पण त्याच बैठकीत आणखी पेट्या बनवायचं ठरलं. आज मागच्या रांगा ज्यांच्यावर बसल्यात, त्या ह्याच.

कसं ठरलं? बैठकीच्या खोलीत ह्यांचा फोटो आहे. त्याला हार घालायला आले होते, म्हणून दारातून ऐकलं. दीप्ती नको म्हणाली, तेव्हा सर्वेश हळू आवाजात म्हणाला, "दादासमोर हे बोलतेस?"

त्यानंतर कोण बोलणार?

माणूस जे मानून बसतो त्याचेच पुरावे गोळा करतो, असं वाचलंय. पण गेलेल्या माणसाच्या नावाने मानलं, तर उलट पुरावा नुसता बघणंही पाप वाटतं. हे पुस्तकात नव्हतं.

हे तर भाजीला निघाले की जिन्यातच बेत बदलायचे. आज काय म्हणाले असते? मी रोज विचारते. उत्तर येत नाही. तुम्हाला कुठून येतं?

दीप्ती, थांब म्हणायचा मला हक्क नाही. तू ह्यांचा अपमान केला नाहीस, एवढं सगळ्यांदेखत सांगते.

सर्वेश, रागावू नकोस. तुला दादा सुटत नाही, मलाही नाही. पण पुढच्या पेट्यांचं उद्या ठरवाल, ते एकमेकांकडे बघून ठरवा.

काकांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, बरं वाटलं. निरोपाच्या दिवशी हे नको होतं असं वाटलं, तर पोटात घाला.

आता कुणीतरी तो फोटो उतरवून द्या. मी पिशवी आणली आहे.