मला दोनदा मोजलं त्याची गोष्ट

हे कुणाला सांगायचं नाही असं आईनं बजावलंय, पण तुम्ही कुठे आमच्या नानांना भेटणार आहात, म्हणून सांगते... मला वांग्याचं भरीत आवडत नाही! हसा, हसा. जळगाव जिल्ह्यात राहून, आणि वर आमच्या नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, भरताची वांगी बाजारात पोचायच्या आधी विकली जातात! दहावीपर्यंत हे कसं लपवलं ते माझं मला ठाऊक. आणि फोडलं कुणी? गणितानं!

मोतीलाल सरांना शिकवायची होती संभाव्यता. पुस्तकातले फासे नि पत्ते त्यांना नकोत. म्हणाले, "चिठ्ठ्या द्या, नावं नकोत. घरी वांगी पिकतात का, आणि भरीत आवडतं का?" नाव नाही म्हटल्यावर मी जन्मात पहिल्यांदा खरं लिहिलं. लपायला जागाही भरपूर हो! वांगी पिकवणारे पंधरा, त्यांत मी लपले. भरीत न आवडणारे दहा, म्हणजे धनकुंवर आणि तिच्यासारखी व्यापाऱ्यांची मुलं, ज्यांच्या घरी लसूणही चालत नाही, त्यांतही लपले. पण सरांनी फळ्यावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या, आणि जिथे 'पिकतात' आणि 'आवडत नाही' एकमेकांना भेटले त्या चौकटीत लिहिलं... एक! चाळीसात एक! आणि तो एक कोण? मीच, दुसरं कोण!

"कोन शे रे तो?" मागच्या बाकावरून लोटन ओरडला. "शनवारनी पार्टीले त्याले नेवानं नही!" आणि आमच्या वर्गाची शनिवारची भरीत-पार्टी कुठे? आमच्याच मळ्यात! नाना आठवडाभर एकेक वांगं फडक्यानं पुसत होते. त्यांना हे कळलं तर?

तेवढ्यात सरांनी विचारलं, "पिकतात किंवा आवडत नाही, असे किती?" लोटन म्हणाला, "पंधरा नि दहा, पंचवीस!" अख्खा वर्ग म्हणाला, "बरोबर!"

आता गप्प बसायचं की नाही? पण तुम्हाला सांगते, माझं 'हजर' सरांपर्यंत पोचत नाही म्हणून निम्मे दिवस माझी गैरहजेरी लागते. जिला कुणी एकदाही धड मोजत नाही तिला इथे दोनदा मोजलं! पंधरांत मी, दहांतही मीच! उभी राहिले. "सर, चोवीस. एक मुलगी दोनदा आली."

"शाब्बास!" सर म्हणाले. मग खडू खाली ठेवला. "पण ती मुलगी आहे, हे तुला कसं कळलं?"

...सगळ्या माना वळल्या. आणि ती एक कोण? मीच, दुसरं कोण!

शनिवारी मळ्यात नाना स्वतः वाढत होते. लोटन मुद्दाम म्हणतो कसा, "नाना, हिले वाढा ना, हिले भरीत भलतं आवडस!" नानांनी वाढलं, मी गिळलं. पुन्हा वाढलं, पुन्हा गिळलं. डोळ्यांत पाणी आलं, तर नाना सगळ्यांना दाखवतात, "देखा, पोरले कसं गोड लागी राहिनं!"

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, रागावेल. ती चुलीपाशी हळूच म्हणाली, "माले बी कोठे आवडस वं? लगीन व्हयनं तव्हयपासून गिळस मी. तुना नानाले सांगू नको." म्हणजे त्या चौकटीत आता आम्ही दोघी! नानांची मात्र खात्रीच पटलीय, बाजाराला निघताना सगळ्यात मोठं वांगं रोज माझ्या नावानं बाजूला ठेवतात. आता आज ताटात भरीत असण्याची संभाव्यता काढायची, तर आधी...

"ये वं पोरी, भरीत थंडं व्हई राहिनं!"

आले, नाना! काढायला कशाला हवी, ती तर पूर्ण एक!