सगळ्यांचं सूत एकाच जागी तुटलं

सन्माननीय अध्यक्ष, आपले सरपंच चांगदेवराव, व्यासपीठावर अवघडून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती जहुरा मॅडम, पुरातत्त्व खात्याचे पाहुणे, आणि वड्यांचा वास सुटल्यापासून माझ्याकडे रागानं बघणाऱ्या माझ्या धामणकोटकर बंधूभगिनींनो!

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. महिला मंडळाची अध्यक्ष दोन शब्दांत कधी थांबलीय का?

मॅडम आज निवृत्त होतायत. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा आपला कोट दिसतच नव्हता. दरवाजा करवंदीच्या जाळीत गडप, तटावर निवडुंग आणि खाडीकडच्या बुरुजावर आपला वड. मॅडम म्हणाल्या, "वड काढावा लागेल, नाहीतर बुरूज जाईल." अहो, मी पदर खोचून उभीच राहिले! "आमची वटपौर्णिमा हाय तिथं. बुरूज गेला तर जाऊ दे, वडाला हात लावायचा न्हाय!" अध्यक्षमहाराज, हसू नका, तेव्हा तुम्ही माझ्याच मागं लपला होतात.

मग पौर्णिमा आली. सकाळी आम्ही वडाला सूत गुंडाळलं. मुळं बुरुजातच शिरलेली, त्यामुळे सूत बुरुजाच्या भेगेवरूनही जातं. दुपारी मनुबाई विसरलेलं ताट आणायला वर गेली आणि बोंबलतच खाली आली. "सगुणे गं, सूत तुटलं! सगळ्यांचंच तुटलं!"

काय सांगू तुम्हाला! गावात एकच पळापळ. कुणी नवऱ्याला होडीतून ओढून आणलं, कुणी माडावरून उतरवलं. आमचे हे, ते बघा पहिल्या रांगेत, मजेत भात जेवत होते. तोंडचा घास काढून घेतला आणि रिक्षात घालून म्हसळ्याला छातीची ती ईसीजीची पट्टी काढायला नेलं. दवाखान्यात बघते तर आपल्याच गावचे नवरे रांगेत! डॉक्टरांनी यांना विचारलं, "त्रास कसला होतोय?" हे म्हणाले, "बायकोचा."

परत येतो तर मॅडम बुरुजाखाली. म्हणाल्या, "सगुणाताई, नवरे सगळे धडधाकट आहेत. सूत एकाच रेषेत तुटलंय, भेगेवर. बुरूज सरकतोय. खाडीकडच्या फांद्यांचं ओझं उतरवलं तर वडही राहील आणि बुरूजही. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी कोयता लावणार नाही."

वड तोडायचा सरकारी हुकूम त्यांच्या हातात होता, मंडळी. तरी मला विचारलं. मला रडूच फुटलं. वडाच्या पाया पडले आणि पहिली फांदी मीच तोडली. मग टेकू लागले, चुना मळला गेला, आणि पट्टी काढून आलेल्या सगळ्या ठणठणीत नवऱ्यांनी दगड वाहिले. व्हय की न्हाय?

यंदा पौर्णिमेला संध्याकाळी मॅडम एकट्याच वर गेल्या. भेगेवरच्या सुतावरून बोट फिरवलं आणि तिथूनच ओरडल्या, "शाबूत आहे!" खाली आम्ही बायका अशा नाचलो की पोरं लाजली.

तर मॅडम, गावातर्फे तुमचे मनापासून आभार. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, तुमचेही. जीभ कुठे घसरली असेल तर पोटात घाला, वडे आहेतच त्यावर.

एक मागणं आहे. खातं तुम्हाला निवृत्त करू दे, आम्ही करत नाही. दर वटपौर्णिमेला यायचं. आम्ही फेरे घालू, तुम्ही भेग बघा. वड काही म्हणणार न्हाय, तुमचा हात आता त्याच्या ओळखीचा हाय.