भाव बघायला वायफाय

बाहेर शिकून नागपूरला परतल्यावर मी मामाच्या मोबाइलच्या दुकानात पहिलं काम काय केलं, तर वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवला. खाली लिहिलं, ‘आधी ऑनलाइन भाव बघा, मग घ्या.’

मामा भडकला. “गिऱ्हाइकाच्या हाती चाकू देऊन राहिला काय गा? आठ दिवसांत यानं एक फोन विकून दाखव, नाहीतर कागद फाडतो.”

“विकतो,” मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी उमरेडच्या एक शिक्षिका आल्या. अर्धा तास फोन हाताळले, आमच्याच वायफायवर भाव पाहिला. ऑनलाइन सातशे रुपयांनी स्वस्त होता.

“फोन तोच असते ना, भाऊ?”

“तोच असतो.”

त्यांनी तिथेच बसून ऑर्डर टाकली. वर म्हणाल्या, “घरी दिवसभर कोणी नसते. तुमच्या दुकानाचा पत्ता टाकू काय?”

मामानं कपाळाला हात लावला. मी म्हणालो, “टाका.”

पार्सल आलं नेमकं आठव्या दिवशी. न्यायला मॅडम आल्या, सोबत गावाहून आलेल्या सासूबाई. “यायले एक फोन दाखवा.”

मामानं खोचून विचारलं, “ऑनलाइन नाही पाहत काय, काकू?”

“तो ऑनलाइनवाला मले शिकवाले येते काय?” काकू म्हणाल्या. “अन् हा पोरगा स्वतःचं नुकसान सांगते, तो मले काय फसवन!”

फोन विकला गेला. मामा उठला आणि त्यानं भिंतीवरचा कागद काढला. मी भांडायच्या तयारीत उभा राहिलो, तर तो कागद बाहेरच्या काचेवर चिकटवत होता.