सज्जनाची सही

अकोल्याच्या बसस्टँडवर श्रावणी हिवरखेडच्या गाडीसाठी रांगेत उभी होती. तिच्या मागे नत्थुभाऊ आले. एकेकाळी त्यांचं नाव ऐकलं की बाजारातली दुकानं पटापट बंद व्हायची. त्यांनी रांगेत तिच्या शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बापूसाहेब मास्तरांना गाठलं.

“मास्तर, मले शाळेच्या कमेटीत जाचं हाय. मी चांगला मानूस हाय म्हनून दोन सज्जनाइच्या सह्या पायजेत.”

“एक तरी भेटली का?”

“डॉक्टरची. सही देल्याबगर मी दवाखान्यातून उठलोच नाई.”

“अन् दुसरी माही?”

“तुमाले मारलं होतं मी. माफ करा.”

“केलं माफ.”

“मंग करा सही.”

“माफी खरी हाय, भाऊ. सही खोटी कशी करू?”

“मले नाई म्हनाची हिंमत आजवर कोनी केली नाई!”

“मी केली होती ना. म्हनून त ही कवळी लावली.”